तेरा सेकंद

मंगळवारी सकाळी माझ्या दंडाला रबरी नळी बांधली जायची आणि माझंच रक्त काढलं जायचं. आजारी म्हणून नव्हे, माप म्हणून. 1979 साली मी डीएमएलटी करून सांगलीतल्या एका लॅबमध्ये लागले. आम्ही तिघं तंत्रज्ञ होतो. रक्त साकळायला किती वेळ लागतो ही तपासणी करायची, तर रुग्णाच्या नळीशेजारी एका धडधाकट माणसाची नळी लागते. असा माणूस रोज कुठून आणायचा? म्हणून आम्ही तिघांनी पाळ्या लावल्या होत्या. रिपोर्टावर डावीकडे ‘रुग्ण’ आणि उजवीकडे ‘कंट्रोल’ असे दोन आकडे जात. मंगळवारचा कंट्रोल म्हणजे मी. माझे तेरा सेकंद. फार तर साडेतेरा.

आजच्या मुलींना हे सांगितलं की त्या हसतात, कारण त्यांच्याकडे यंत्र आहे. आमच्याकडे 37 अंशांवर ठेवलेलं वॉटर बाथ होतं, बारीक काचेच्या नळ्या होत्या, एक स्टॉपवॉच आणि एक टेबललॅम्प. सायट्रेट घालून साकळण्यापासून थोपवलेल्या रक्तातला वरचा पिवळा प्लाझ्मा नळीत घ्यायचा, त्यात मेंदूची पूड कालवलेलं पाणी घालायचं, मग कॅल्शियमचं द्रावण सोडायचं आणि त्याच क्षणी अंगठ्यानं घड्याळाची कळ दाबायची. नळी दिव्यासमोर तिरपी, सरळ, तिरपी, सरळ. आत पाण्यासारखं हलणारं ते एकाएकी थबकतं, जाळं धरतं. विरजण लागावं तसं, पण विरजणाला रात्र लागते, याला निमिष पुरतं. तिथे पुन्हा कळ. डोळा आणि अंगठा यांच्यात जरा जरी अंतर पडलं, तरी एक सेकंद इकडचा तिकडे होतो.

मेंदूची पूड म्हणाले ते खरंच. रक्त साकळायला चालना देणारा पदार्थ मेंदूत भरपूर असतो. परदेशात तो सशाच्या मेंदूतून काढत. तयार कुप्या महाग, म्हणून आमचे सर तो शवविच्छेदनातून आलेल्या माणसाच्या मेंदूतून लॅबमध्येच करत. वरचा पापुद्रा आणि रक्तवाहिन्या सोलायच्या, स्वच्छ धुवायचं, मग खलबत्त्यात अ‍ॅसिटोन घालून घोटायचं, अ‍ॅसिटोन बदलायचं, पुन्हा घोटायचं. चिकटपणा गेला आणि रव्यासारखा दाणा सुटला की जमलं. तो वास मला पंचेचाळीस वर्षांनंतरही आठवतो. घरी गेल्यावर रव्याच्या डब्याकडे पाहणं मी कितीतरी दिवस टाळत असे.

मंगळवार मी मागून घेतला होता, कारण मंगळवारी अक्का यायची.

अक्का माझी थोरली बहीण. लहानपणी तिला ताप आला, घसा धरला, मग गुडघे आणि मनगटं सुजली. वाताचा ताप म्हणून शेक दिला गेला आणि तो बराही झाला. पण सांधे सोडून तो हृदयाला जाऊन बसला होता, हे दुसऱ्या बाळंतपणात कळलं. जिना चढताना दम लागायला लागला. डावीकडची झडप आखडून बटणाच्या काजाएवढी उरली होती. 1983 साली मुंबईत ती झडप काढून धातूची बसवली. रात्री घर शांत झालं की तिच्या छातीतली टिकटिक ऐकू येते. झडप उत्तम चालली, अजून चालते. पण शरीराबाहेरच्या कुठल्याही वस्तूला रक्त परकं मानतं आणि तिच्यावर साकळू पाहतं. तशी गुठळी सुटून मेंदूत गेली की लकवा. म्हणून रोज संध्याकाळी एक छोटी गोळी, जन्मभर. आपल्याकडे बहुतेकांना मिळते ती असिनोकुमेरॉल. वॉरफरिनचं धाकटं भावंड.

या गोळीला आपण ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतो, आणि माझं या शब्दाशी जुनं भांडण आहे. रक्त पातळ होत नाही. ताकात पाणी घालावं तसं काही घडत नाही. फक्त साकळायला उशीर लागतो. पण ‘पातळ’ म्हटलं की लोकांना अशक्तपणा दिसतो. लॅबच्या बाकावर मी कितीदा ऐकलं असेल, ‘बाई, रक्त पातळ झालं म्हणून गळाल्यागत होतंय, चार दिवस गोळी थांबवलीय.’ चांगला शब्द आपल्या आईआजीच्या तोंडी होताच. बोट ठेचलं की त्या म्हणायच्या, रक्त साकळलं. ही न साकळू देण्याची गोळी. डॉक्टरांनी तो शब्द का उचलला नाही, कोण जाणे.

गोळीची हकिगत गोठ्यात सुरू होते, आणि तीही अमेरिका-कॅनडाच्या थंडीत. 1920 च्या सुमाराला तिथली गुरं कारण नसताना रक्तस्राव होऊन मरायला लागली. शिंग कापलं, खच्ची केलं, एवढ्या जखमेनंही जनावर जाई. फ्रँक स्कोफिल्ड नावाच्या कॅनडातल्या पशुवैद्यानं धागा धरला. ती गुरं स्वीट क्लोव्हरचा चारा खात होती. ही आपल्या मेथीच्या अगदी जवळच्या नात्यातली वनस्पती. वाळली की गोड वास सुटतो, तो कुमारिन या द्रव्याचा. एकाच गंजीतल्या चांगल्या काड्या आणि बुरशीनं बिघडलेल्या काड्या त्यानं वेगळ्या केल्या आणि सशांना घातल्या. चांगल्या काड्यांचे ससे तगले, बिघडलेल्या काड्यांचे रक्तस्रावानं मेले. दोष पिकाचा नव्हता, ओल लागलेल्या गंजीचा होता. पुढे उत्तर डकोटात ली रॉडरिक यानं दाखवलं की अशा गुरांच्या रक्तात प्रोथ्रोम्बिन हा साकळवणारा घटक घटलेला असतो. ओला चारा फेकून द्या, एवढा उपाय होता. पण मंदीचे दिवस. फेकायचा तर घालायचं काय?

आणि मग तो शेतकरी. विस्कॉन्सिन राज्यातल्या डिअर पार्कचा एड कार्लसन. 1933 चा फेब्रुवारी, शनिवार, बाहेर हिमवादळ. डिसेंबरात त्याच्या दोन कालवडी गेल्या होत्या, जानेवारीत लाडकी म्हातारी गाय, मागोमाग दोन तरण्या गाई. बैलाच्या नाकातून रक्त गळायला लागलं, तेव्हा त्यानं मेलेली कालवड, शंभरएक पौंड तो चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये भरलेलं, काही केल्या न साकळणारं रक्त ट्रकात घातलं आणि तीनशे किलोमीटर गाडी हाकत मॅडिसन गाठलं. सरकारी पशुवैद्याचं कार्यालय शनिवारचं बंद. फिरता फिरता तो विद्यापीठातल्या कार्ल पॉल लिंक या जीवरसायनशास्त्रज्ञाच्या दारात पोचला. लिंककडे त्या दिवशी सांगण्यासारखं नवं काही नव्हतं. चारा बंद करा, जमलं तर रक्त चढवा. संध्याकाळी कार्लसन तसाच परत गेला, आणि कॅन तिथेच राहिला.

दुधाच्या पट्ट्यात वाढलेल्या मला यातला कॅन सोडवत नाही. सांगली-कोल्हापूरकडे पहाटे डेअरीवर अ‍ॅल्युमिनियमचे कॅन घेऊन जाणारी माणसं मी जन्मभर पाहिली आहेत. दुधाच्या कॅनमध्ये रक्त ओतून नेणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललं असेल? तो काही शास्त्राची सेवा करायला निघाला नव्हता. त्याला बैल वाचवायचा होता.

लिंक आणि त्याचे विद्यार्थी सहा वर्षं त्या चाऱ्याच्या मागे लागले. जून 1939 मध्ये हॅरोल्ड कॅम्पबेल याच्या हाती शुद्ध स्फटिक आले. बुरशीच्या करामतीनं कुमारिनपासून तयार झालेलं ते डायकुमेरॉल. कुमारिन एकटं रक्ताला काही करत नाही, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. नासल्याशिवाय औषध नाही.

त्याच वर्षांत कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम कोंबडीच्या पिलांना स्निग्धांश काढलेलं खाद्य घालत होता आणि पिलं रक्तस्राव होऊन मरत होती. कमी पडत होतं ते जीवनसत्त्व के, ‘कोआग्युलेशन’चं के. ते पुढे शुद्ध स्वरूपात काढलं गेलं ते आपल्या गोठ्यांना ठाऊक असलेल्या लसूणघासातून. डाम आणि एडवर्ड डॉयझी यांना त्यासाठी 1943 चं नोबेल मिळालं. यकृत के वापरून साकळवणारे घटक पक्के करतं आणि वापरलेलं के पुन्हा ताजं करून घेतं. गोळी नेमकी ती ताजं करण्याची वाट अडवते. म्हणजे विष मेथीच्या चुलतीत आणि उतारा लसूणघासात. दोन्ही एकाच वैरणीच्या भाऱ्यात.

उंदराची गोष्ट आता बहुतेकांना माहीत असते, म्हणून थोडक्यात सांगते. 1945 मध्ये क्षयानं आजारी पडलेला लिंक आरोग्यधामात उंदीरनाशाचा इतिहास वाचत पडला आणि त्याला सुचलं की हळूहळू, चव न कळता काम करणारं असं काही उंदराला उत्तम. त्यांच्या यादीतलं 42 व्या क्रमांकाचं रसायन निवडलं. पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिनच्या संस्थेची आद्याक्षरं पुढे आणि कुमारिनचं शेपूट मागे लावून नाव झालं वॉरफरिन. 1948 मध्ये ते उंदरासाठी बाजारात आलं. 1951 मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या एकानं जीव द्यायला ते अनेक दिवस खाल्लं. के जीवनसत्त्व आणि रक्त देऊन तो बरा झाला. विष घेतलेला माणूस उताऱ्यानं उठून बसतो, तर मोजून दिलं तर काय हरकत, हा विचार त्यातून बळावला. 1954 मध्ये माणसांसाठी परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर हेच दिलं गेलं, आणि लोकांची भीड चेपली. अक्काच्या सासूबाईंना कुणीतरी हे अर्धवट सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, ‘उंदराचं औषध सुनेला घालताय होय?’

मोजून दिलं तर, हे मी वर सहज लिहिलं. माझा सगळा धंदा त्या तीन शब्दांत आहे. मोजायची रीत 1935 मध्ये आर्मंड क्विक यानं घातली, तीही काविळीसारख्या यकृताच्या दुखण्यांची पारख करायला. त्यानं आयुष्य काढलं मिलवॉकीत, लिंकच्या मॅडिसनपासून सव्वाशे किलोमीटरवर. एकाच राज्यात गोळी आणि तिचा तराजू. पण तराजूत एक खोट होती. प्रत्येक लॅबचा मेंदू वेगळा.

आमच्या आजोबांच्या वेळी एका पेठेतली ज्वारीची पायली दुसऱ्या पेठेत मापटंभर कमी भरायची म्हणे. नाव पायलीच. 1958 पासून किलो आला आणि ती भांडणं मिटली. रक्ताच्या मापात मात्र पायलीचाच जमाना चालू होता. माणसाच्या मेंदूची पूड तिखट, रक्तातला थोडा बदलही लगेच दाखवायची. बाजारातल्या सशाच्या मेंदूच्या कित्येक कुप्या मंद. तेच रक्त आमच्याकडे 36 सेकंद घेई, तर दुसरीकडे 22. आणि दोन्ही लॅबचा कंट्रोल तेराच! त्यामुळे कुणालाच शंका येत नसे.

1986 च्या दिवाळीनंतर अक्का तपासणीसाठी मोठ्या शहरात गेली. तिथे तिचे 22 सेकंद भरले. तिथल्या डॉक्टरांच्या हिशेबानं आकडा कंट्रोलच्या दुप्पट-अडीचपट हवा होता. त्यांनी गोळी वाढवली. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. दहाव्या दिवशी अक्काच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तिला वाटलं दात. दोन दिवसांनी डांबरासारखी शी झाली, ते तिनं लाजेनं सांगितलं नाही. मंगळवारी ती आली ती पांढरीफटक. मी नळी दिव्यासमोर धरली. तेरा झाले, छत्तीस झाले, पन्नास झाले. मिनिट उलटलं तरी ते पाण्यासारखं हलत होतं. माझा अंगठा कळीवर तसाच.

सर धावले. प्लाझ्माच्या पिशव्या चढवल्या. के जीवनसत्त्व अगदी बेतानं दिलं, कारण उतारा जास्त झाला तर झडपेवर साकळायचं. तीन रात्री मी तिच्या उशाशी होते, टिकटिक ऐकत. ती वाचली. चूक कुणाची, हे मी पुष्कळ दिवस शोधत होते. ती कुणाची नव्हती. दोन गावच्या दोन पायल्या होत्या.

यावर तोड निघाली होती, आमच्यापर्यंत आली नव्हती एवढंच. 1983 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलं की प्रत्येक कुपीची तिखटाई एका प्रमाण मेंदूशी ताडून तिच्यावर अंक छापायचा. रुग्णाचे सेकंद भागिले निरोगी सेकंद, आणि त्या गुणोत्तराला कुपीच्या अंकाचा घात. समजा गुणोत्तर दोन आलं. कुपीचा अंक एक असेल तर उत्तर दोन. कुपीचा अंक दोन असेल तर उत्तर चार. दोन म्हणजे ठीक, चार म्हणजे सांभाळा! हा आयएनआर. आमच्या लॅबमध्ये तो रुळायला नव्वदचं दशक सरत आलं. एड्सच्या भीतीनं माणसाच्या मेंदूची पूड तोवर गेली होती आणि छापील अंकाच्या कुप्या आल्या होत्या. पहिल्या रिपोर्टावर ‘आयएनआर 3.1’ पाहून एका व्यापाऱ्यानं विचारलं होतं, ‘तीन रुपये दहा पैसे कसले लावले?’ रुपयाचंही आंतरराष्ट्रीय नाव तेच, हे मला तेव्हा कळलं.

त्या प्रसंगानंतर अक्कानं स्वतःची रीत बसवली. ती शिकलेली सातवीपर्यंत, पण मी पाहिलेल्या रुग्णांत तिच्याइतकं चोख कुणी नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ती दूध मांडायची, त्याच चौकटीत गोळी मांडायला लागली. पहिल्या महिन्यात अर्ध्याचं चिन्ह दुधाचं की गोळीचं, यावरून घोळ झाला. मग दुधाला निळी पेन्सिल, गोळीला लाल. गोळी संध्याकाळी सातला, बातम्यांच्या वेळी, म्हणजे सकाळी रिपोर्ट बदलला तर डॉक्टर त्याच दिवशी प्रमाण बदलू शकतात. एखाद्या दिवशी राहिली आणि रात्री आठवली तर घ्यायची. दुसऱ्या दिवशी आठवली तर गेली ती गेली, चौकट रिकामी ठेवायची, दोन घ्यायच्या नाहीत. दुकानातून नवी स्ट्रिप आणली की त्यावरचे मिलिग्रॅम जुन्या स्ट्रिपशी ताडायचे, कारण एकची गोळी आणि चारची गोळी दिसायला सारखीच.

पालेभाजी बंद करा, असं तिला कितीजणांनी सांगितलं. तिनं मला विचारलं, मी सरांना. सर म्हणाले, बंद नको, रोजची सारखी ठेवा, त्यावर गोळी बसवू. मेथी, पालक, शेपू, सगळं खाते ती, पण आठवड्याचं माप ठरलेलं. अडचण यायची सणांची. ऋषिपंचमीची भाजी, भोगीची भाजी, एकदम ढीगभर पाला पोटात, आणि श्रावणातले उपास म्हणजे उलट टोक. त्या आठवड्यांत ती आपणहून तपासणी मागे.

आणि सुई. आमच्याकडे अंग दुखलं की कमरेत सुई घेतल्याशिवाय बरं वाटत नाही. अक्का कुठल्याही दवाखान्यात शिरली की बसायच्या आधी सांगते, ‘झडपेची गोळी चालू आहे, कमरेत सुई नको, अंगदुखीची गोळी विचारून द्या.’ स्नायूत सुई टोचली तर आतल्या आत रक्त साचतं. अंगदुखीच्या बहुतेक गोळ्या पोटातून रक्त काढतात. जुलाबावरची काही औषधं आयएनआर चढवतात, क्षयावरचं रिफॅम्पिसिन तो एवढा खाली ओढतं की गोळी दुप्पट करावी लागते. आणि क्षयाचा कोर्स संपला की तीच दुप्पट गोळी घात करते. हा दुसरा भाग लोक विसरतात. मी लॅबच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं होतं: नवं औषध सुरू केलंत तरी या, थांबवलंत तरी या.

आता नव्या गोळ्या निघाल्या आहेत, तपासणीचं लचांड नसलेल्या. माझ्या शेजाऱ्यांना हृदयाचे ठोके बिघडले म्हणून त्यातलीच एक चालू आहे आणि त्यांचं छान चाललंय. अक्कानंही आशेनं विचारलं. पण धातूच्या झडपेवर त्यातली एक आजमावली, तेव्हा 252 रुग्णांवरच ती चाचणी थांबवावी लागली. गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही. तिचा निकाल 2013 मध्ये आला. वाताच्या तापानं झडप आखडलेल्यांसाठी दुसरी एक गोळी 24 देशांतल्या साडेचार हजारांवर रुग्णांना देऊन पाहिली. 2022 मध्ये निकाल आला, तिथे जुनीच सरस ठरली. हा आजार श्रीमंत देशांतून जवळजवळ गेला, आपल्याकडे उरला. त्यामुळे अक्कासारख्यांचं आयुष्य अजून कार्लसनच्या चाऱ्याच्या वारसावरच चालू आहे.

मी 2015 मध्ये निवृत्त झाले. अक्का आता पंचाहत्तरीची. मागच्या महिन्यात तिला घेऊन लॅबमध्ये गेले. यंत्रानं चार नळ्या एकदम गिळल्या, कुणी दिव्यासमोर काही तिरपं केलं नाही. कागद आला: 2.9. तिला अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा असतो, म्हणजे झकास. उजवीकडचा कॉलम गेला आहे. त्या जागी वीसेक निरोगी माणसांची सरासरी आधीच यंत्रात भरलेली असते.

अक्कानं चष्मा लावून कागद उलटसुलट पाहिला.

‘माझे झाले,’ ती म्हणाली. ‘तुझे कुठायत?’

‘माझे आता लागत नाहीत गं.’

‘असं कसं? किती असतील?’

‘तेराच असतील,’ मी म्हटलं, आणि आम्ही रिक्षा बघायला बाहेर आलो.